कंठदुर्गातील चार कारभारी

हुजुरांची आज्ञा जाहली की, कंठप्रांती जी मोहीम गुदरली तिची हकिकत पदरचे काही न घालता लिहावी. त्यावरून लिहितो.

शिवणवाल्या काकूंच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीस मोठी गाठ येऊन घासास व श्वासास अटकाव होऊ लागला, म्हणोन त्या शस्त्रक्रियेस सिद्ध जाहल्या. परंतु मनी दहशत थोर. वडील भगिनी ताई यांची ऐशीच गाठ अन्य इस्पितळी काढिली, तेव्हा थायरॉइडच्या पाठीशी वसणाऱ्या तांदळाएवढ्या चार ग्रंथी, रक्तातील कॅल्शियमचे कारभारी, गाठीसंगे गारद जाहले. आणि तेव्हापासोन कॅल्शियम घटोन ताईंची बोटे आखडतात, हातातला कप सुटतो. म्हणोन काकूंनी सर्जनबाईंस साफ सांगितले, "गळ्यावर व्रण राहू दे हो, पण बोटं शाबूत ठेवा. कात्री धरता आली नाही तर मी करू काय?"

सर्जनबाईंनी अभय दिले. मग भूलवाल्या डॉक्टरांनी काकूंस निद्राधीन केले आणि गळा उघडिला. कारभारी मोठे लबाड. चरबीचा पोशाख करोन चरबीतच दडलेले. मग हुकूम सुटला की, दिवे मालवावे व अदृश्य किरणांचा कॅमेरा रुजू करावा. ते किरण पडताच कारभारी अंगच्या तेजाने पडद्यावर लखलखतात आणि चरबी अंधारी राहते, ऐसी त्याची करामत. त्यायोगे तिघे गवसले. त्यांस रक्तवाहिन्यांसह जागीच राखिले आणि गाठ बाहेर काढिली. चौथ्याचा मागमूस नाही. गळ्याचा कोपरान् कोपरा धुंडाळिला, परंतु व्यर्थ.

भूलवाले म्हणाले, "तीन पुरतात की. शिवून टाका आता."

सर्जनबाई म्हणाल्या, "हिच्या ताईच्या वेळीही कुणीतरी असंच म्हणालं असेल."

आणि कॅमेरा गळ्यावरून काढोन ट्रेमधील गाठीवर रोखिला. तो काय! गाठीच्या कुशीत चौथे कारभारी चमकताहेत. शत्रूसंगे कैद होऊन मुलूख सोडून निघाले होते. मग त्यांस सोडवोन, बारीक तुकडे करोन, मानेच्या स्नायूत, जेथे ते पुन्हा रुजतात, नवे वतन दिधले आणि गळा शिवला.

पुढे काकू सावध जाहल्या. कॅल्शियमचा अहवाल ठीक आला, तरी ताईंची खात्री पटेना. त्यांनी खाटेशी बसोन बहिणीचे एकेक बोट दाबून पाहिले.

"मुंग्या येतात?"

"नाही."

"आखडतंय?"

"नाही गं ताई. तू दाबतेयस म्हणून दुखतंय तेवढं."

ताई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदमच. परंतु हात सोडिला नाही.

येणेप्रमाणे गाठ गारद, कारभारी चारही नांदते आणि बोटे समस्त शाबूत राहोन कंठदुर्ग फत्ते जाहला, ऐसे दप्तरी दाखल केले असे.