नावेच्या इंजनाचा काटा

पूर्णेच्या दोन्ही काठांवर मिळून डिझेल इंजिन आतून-बाहेरून ओळखणारी मुलगी एकच आहे, आणि ती मी आहे. नाव शालू, वय पंधरा, इयत्ता दहावी. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. अकोल्याच्या मिस्त्र्यानं आमच्या गावच्या नावेवर इंजिन बसवलं, तेव्हा तीन दिवस मी त्याच्या पाठीशी उभी होते. त्याला मी इतके प्रश्न विचारले, की चौथ्या दिवशी तो जेवायलासुद्धा थांबला नाही. जाताना बाबांना म्हणाला, "मोतीरामजी, इंजन बिघडलं तं मले बलावजा. पण या पोट्टीले तेवढ्या येळापुरतं कुठी तरी पाठवून देजा."

डिझेल ढकलणारा पंप कोणता, ते आत धुक्यासारखं फवारणारं नोझल कोणतं, सगळं मला पाठ होतं. पण माझा खरा जीव जडला होता तो काट्यावर. इंजनावर घड्याळासारखी एक तबकडी आहे. इंजिन फिरायला लागलं की आतला दुसरा एक पंप वंगणाचं तेल सगळीकडे फिरवतो, त्यातलं थोडं एका बारीक तांब्याच्या नळीतून तबकडीपर्यंत येतं, आणि काटा वर उठतो. काटा उठला नाही तर समजायचं, की तेल फिरत नाही. मग लगेच इंजिन बंद करायचं, नाहीतर ते आतल्या आत घासून मरतं. आत काय चाललंय हे बाहेर उभं राहून कळावं, ही केवढी गंमत! माणसांनाही असा काटा असता तर गणिताच्या सरांचा मी आधी पाहिला असता आणि मगच वर्गात पाय टाकला असता.

तर ऑगस्टातल्या एका सोमवारी काटा उठलाच नाही.

नाव चालवतात पुंजाजीकाका. चाळीस वर्षं वल्ही मारलेला माणूस, पण शिकलेल्या सुनेला जुना सासरा बिचकतो तसे ते इंजनाला बिचकून असतात. त्यांनी झटकन इंजिन बंद केलं आणि नाव खुंट्याला बांधली. नदी दुथडी भरलेली, त्यामुळे वल्ह्यांचा उपयोग नव्हता. पूल वीस मैलांवर. आणि माझी शाळा पलीकडच्या काठाला!

बाबांनी संध्याकाळीच निकाल दिला. "नाव बंद तं शाळा बंद. येत्या शुक्रवारपर्यंत काटा हालला नाही तं बाळापूरले भागीरथामावशीकडे जाय. तिचं लेकरू लहान आहे, कपाशीचं निंदन आहे. पूर उतरला का मंग पाहू."

पूर उतरतो दिवाळीच्या सुमाराला. म्हणजे सहामाही परीक्षा गेली, आणि एकदा मावशीचं लेकरू माझ्या कडेवर बसलं की ते चालायला लागेपर्यंत उतरत नसतं. ते तेव्हा दोन महिन्यांचं होतं.

मी मंगळवारी सकाळीच घाटावर गेले आणि जाहीर केलं, "तेल कमी झालं असन."

"तू म्हन्तं तं असन बापा," पुंजाजीकाका म्हणाले.

आम्ही डबाभर तेल ओतलं. तेवढं लागत नव्हतं, हे नंतर कळलं. इंजिन चालू करताच वीटभट्टी पेटल्यासारखा निळा धूर निघाला. पलीकडच्या लोकांना वाटलं, नाव पेटली. दहा-बारा माणसं पाण्याच्या घागरी भरून धावत आली. पण आग अलीकडे, माणसं पलीकडे, आणि मध्ये न्यायला नाव नाही. बिचारे भरल्या घागरी खांद्यावर घेऊन अर्धा तास आमच्याकडे पाहत राहिले. काटा मात्र जागचा हलला नाही.

घाटावर सुंदराआत्या बसलेल्या होत्या. त्यांना लेकीकडे दही पोचवायचं होतं. म्हणाल्या, "सोमवारी दही घेऊन आली व माय मी. तुही हुशारी होईपर्यंत त्याचं ताक झालं."

इंजिन सरकारी, म्हणून गुरुवारी त्याची देखरेख करणारे ओव्हरसियर केशवराव जीपनं आले. पुण्याकडचे गृहस्थ, अंगात परीटघडीचा पांढरा बुशशर्ट, काखेत वही. वरच्या घाटाच्या लोकांनी हेच इंजिन आपल्याला द्या म्हणून अर्ज केला होता, त्याचाही कागद त्या वहीतच होता.

"बिघाड काय आहे?" त्यांनी विचारलं.

पुंजाजीकाकांनी माझ्याकडे बोट केलं. "पोरीले इचारा. तिले समजते."

मला दुसरं काय हवं होतं? मी म्हटलं, "साहेब, परीक्षा सोपी आहे. तबकडीजवळ नळी सोडायची आणि इंजिन फिरवायचं. नळीतून तेल आलं, तर पंप चांगला आणि काटा खोटा. नाही आलं, तर काटा खरा आणि पंप मेला."

केशवरावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पाना घेतला, नळी सोडली, तिच्या तोंडाशी तांब्या धरला. काकांनी हँडल मारलं. धड्‌ धड्‌ धड्‌. तांब्यात एक थेंब नाही.

"पंप गेला," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की म्हणजे अगदी नक्की."

"बरं झालं, एकदा निकाल लागला," म्हणत त्यांनी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "इंजिन निकामी. काढून अकोल्यास न्यावे."

मी पाना खाली टाकला. "साहेब, पण पंप दुरुस्त होतो ना?"

"होईल की. मग वरच्या घाटावर बसेल."

सुंदराआत्यांनी पान जुळवता जुळवता म्हटलं, "लय गुनाची पोरगी. एका वाक्यात इंजनही घालवलं अन्‌ शाळाही."

इंजिन न्यायला बैलांची बंडी आली. पहारी आल्या. बाबा माझं गाठोडं घेऊनच घाटावर आले, म्हणजे माझीही रवानगी बरोबरच. नावेत माणसं बोल्ट सोडायला लागली. मला सामान सुतळीत बांधायचं काम मिळालं. पहिली हाती आली ती तांब्याची नळी, दोन्ही टोकांनी मोकळी केलेली. आता पोकळ नळी हातात आल्यावर कोण फुंकून पाहणार नाही? मी सूर काढायला म्हणून फुंकलं.

सूर निघेना. गाल फुगले, कानांत दडे बसले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण पलीकडून वारा येईना.

मी खाली बसले आणि विचार केला. नळीच बुजलेली असेल तर तेल तबकडीपर्यंत पोचणार कसं? मग मघाशी मी परीक्षा पंपाची घेतली होती, की नळीची?

"काका, एकदा इंजन फिरवा!"

"आता काहून व? बोल्ट ढिले झाले."

"एकच फेरा. पाया पडते."

काकांनी हँडलला दोन हिसके दिले. त्याच वेळी केशवराव वाकून इंजनाचा नंबर वहीत उतरवून घेत होते. नळी जिथून काढली होती ते भोक त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं, हे मी पाहायला हवं होतं. पण मी भोकाकडे पाहत होते.

काळ्याभोर तेलाची चिळकांडी अशी उसळली, की उसाच्या गुऱ्हाळात चरकाखाली तोंड दिल्यासारखं झालं. बुशशर्ट काळा. चष्मा काळा. वहीतलं 'निकामी' तर कुठे गेलं ते दिसेनाच. केशवरावांनी सावकाश चष्मा काढला. डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल राहिले होते.

"साहेब," मी म्हटलं, "पंप चांगला आहे."

ते तसेच नदीकडे गेले.

ते धुऊन येईपर्यंत मी झाडायच्या फड्याची काडी घेऊन नळी कोरायला बसले. आतून पिवळट, चिवट, डिंकासारखा गोळा निघाला. मी वास घेतला. हा वास तर आमच्या चुलीपाशी रोज येतो.

"काका, हे जवसाचं तेल आहे."

पुंजाजीकाकांनी इकडेतिकडे पाहिलं. "पावसाच्या आधी नावेच्या लाकडाले पाजलं होतं ना, त्यातलं पावशेर उरलं. इंजनात तेल कमी दिसलं, म्हनून टाकलं. आमी तं रोज खातो बापा. मानसाले चालते तं इंजनाले काहून नाही?"

प्रश्न चांगला होता. पण जवसाचं तेल वाळलं की घट्ट बसतं; नावेला ते पाजतात ते त्यासाठीच. बारीक नळीतही ते तसंच बसलं होतं.

"साहेबाले नोको सांगू माय," काका हळूच म्हणाले.

आम्ही नळी रॉकेलनं धुतली, सगळं तेल काढून नवं भरलं, बोल्ट आवळले. इंजिन चालू झालं आणि काटा असा उठला, जसा इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग उठतो.

केशवराव ओल्या शर्टानं तबकडीकडे पाहत राहिले. मग बाबांना म्हणाले, "मुलगी तल्लख आहे. हिला दिवसभर घाटावर ठेवत असाल, तर इंजिन इथंच राहू देतो. तीन वेळा काटा पाहील, वहीत लिहील. जाणकार माणूस जवळ हवा."

बाबांची छाती फुगली. "ठेवतो साहेब. सरकारी काम आहे."

"आणि माझी शाळा?"

"पुढच्या साली पाहू."

बघा म्हणजे झालं! ज्या नावेनं मी शाळेत जाणार होते, ती आता मला घाटावर ठेवून पलीकडे जाणार होती. माझ्या उभ्या आयुष्यात जे शब्द तोंडातून निघाले नव्हते, ते मी पहिल्यांदा काढले. "मला काय कळतं साहेब इंजनातलं? मी पंप मेला म्हणाले होते, तुम्हीच लिहून घेतलं. नळी पाहायला सांगितलं ते पुंजाजीकाकांनी. मी नुसती फुंकली."

सगळे काकांकडे वळले. काकांचं तोंड उघडंच राहिलं. मी त्यांच्या कानाशी लागले, "जवस."

"हाव साहेब," काका ताबडतोब म्हणाले. "मले रातच्यालेच शंका आली होती."

एवढं मी सांगितलं नव्हतं.

"लिहिता येतं का तुम्हाला?"

"वही मी लिहीन," मी म्हटलं, "शाळेत जाता-येता."

केशवरावांनी वहीचं कोरं पान उघडलं आणि लिहिलं, 'इंजिन इथेच. काटा पाहणार पुंजाजी.' बाबांनी गाठोडं घरी नेलं.

शाळा चालू आहे. रोज सकाळी काटा उठला की पुंजाजीकाका नावेतल्या माणसांना समजावून सांगतात, की वंगण डोक्यातून खाली झिरपतं, पंप त्याला थंड ठेवतो, आणि नळीत साचतो तो इंजनाचा कफ. यातलं एक अक्षर खरं नाही. काल माझ्यानं राहवलं नाही, मी तोंड उघडलं. तेवढ्यात सुंदराआत्यांनी कोपर मारलं.

"पोरी, मधात बोलू नोको. नीट आइक. हे तुले शाळेत कोनी शिकवन का?"

"नाई आत्या," मी म्हणाले, आणि भूगोलाचं पुस्तक तोंडापुढे धरलं.