दोन राजे आणि सोमेश्वरनगरचा घोडा

युवराज घोड्याला घाबरतो, हे लग्नाच्या दिवशी सकाळपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.

इंदापुरात नवऱ्याकडच्यांना जानवसा दिला होता शाळेत, पाचवीच्या वर्गात. बाकं भिंतीला लावलेली, मधे सतरंजी, सतरंजीवर काटेवाडीची मंडळी, आणि खिडकीबाहेर घोडा. सोमेश्वरनगरहून आणलेला, पांढराशुभ्र, कपाळावर गोंडा. यावर बसून नवरदेवानं आधी मारुतीला जायचं आणि मग मांडवात. परण्या निघणार म्हणून बँडवाले सनई ओली करत बसलेले. तेवढ्यात घोड्यानं खिडकीतनं तोंड आत घातलं आणि युवराजच्या फेट्याचा तुरा हुंगला. युवराज एका उडीत सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला!

"तात्या, आपण जीपमधनं जाऊ."

"जीप?" गेणबा तात्या म्हणजे युवराजचा चुलता, लग्नाचा सगळा कारभार त्याच्याकडं. "मग बँडवाल्यांनी काय जीपम्होरं नाचायचं व्हय?"

"लोणी भापकरात काय झालं ठावं न्हाय का? घोडा नवरदेवाला घिऊन उसात शिरला."

"सापडला की नवरदेव!"

"सापडला, पर कसा सापडला? वराडी वळखंना त्याला!"

भांडण वाढायला लागलं, तसा सुमित मधे पडला. सुमित युवराजचा मित्र, पुण्याला इंजिनिअरिंगला, आणि हॉस्टेलवरनं अभ्यासापेक्षा पत्त्यांचा पोकर जास्त पक्का करून आलेला. तो म्हणाला, "डाव टाकू. जिंकंल त्यानं सांगायचं, नवरदेव कशावर जाणार." लगेच खिशातनं पत्ते काढले, खडू घेऊन फळ्यावर नियम लिहिले सुद्धा. प्रत्येकाला दोन पत्ते लपवून, पाच मधे उघडे, ज्याची जुळणी भारी त्याचा डाव. पैसे नकोत म्हणून लग्नाच्या पिशवीतल्या सुपाऱ्या घेतल्या.

"एका खेपंला एकच सुपारी," तात्यानं बजावलं. "देवाच्या कामाच्या हायत."

सुमितनं तात्याला आणि युवराजला पत्ते वाटले. युवराजनं आपले उचलले. बदामचा राजा. इस्पिकचा राजा. त्याच्या अंगावर हळदीवरनं काटा आला. सुमितनं गाडीत येताना त्याला शिकवलंच होतं, हातात राजांची जोडी आली की चाल वाढवायची, बाकीचे भिऊन पळतात.

"माझ्या वीस सुपाऱ्या!" युवराज गरजला.

"एक," तात्या म्हणाला.

"तात्या, मग भ्यायचं कुणी?"

"एक."

मधे तीन पत्ते उघडले. सत्ती, दश्शी, चौकी. राजाला धक्का नाही. युवराजला डोळ्यांपुढं जीप दिसायला लागली. नेमका तेव्हाच दारात नवरीचा मामा महिपती उभा. "मंडळी, चला, परण्या काढा. भटजी खोळंबल्यात... कसला डाव म्हणायचा?"

"बसा की पाव्हणं," तात्या म्हणाला. "सुमित, मामांना पत्ते दे."

"तात्या, डाव चालू झाल्यावर मधेच पत्ते न्हाय देत."

तात्या त्याच्या कानाला लागला. "नवरीचा मामा हाय. मानाला मुकला तर जेवायच्या पंगतीत बोंब हुईल. दे!"

मामाला दोन पत्ते मिळाले. मामा परत आला नाही म्हणून त्याला बघायला नवरीचा बाप आबाजीराव आला. मामाला दिले आणि बापाला नाही, असं कसं चालेल? आबाजीरावांना बघायला नवरीचे दोन चुलते आले. त्यांनाही दिले. चौथा पत्ता राणी निघाला, आणि सतरंजीवर सुपाऱ्यांचा ढीग झाला. उठायचं मात्र कुणी नाव काढेना.

"मामा, पत्ते टाका की," युवराज काकुळतीला आला. "तुमचं काय जुळलेलं दिसत न्हाय."

"टाकू? एका सुपारीसाठी? आमी एवढं गरीब वाटलो व्हय तुमाला?"

"आबा, तुमी तरी."

"मला खेळ कळत न्हाय, जावईबापू," आबाजीराव प्रामाणिकपणे म्हणाले. "पर मी पत्ते टाकून उठलो तर लोक म्हणत्याल, नवरीचा बाप रुसला."

सुमितनं कपाळावर हात मारला. "आरं, ह्यात एक जरी माणूस पळाला असता ना!"

आणि दारात बांगड्या वाजल्या. शालू, मुंडावळ्या, हातात हार. स्वतः नवरी, राजनंदिनी. मांडवातनं बोलवायला पाठवायला आता माणूसच उरला नव्हता.

ती फळ्याकडं बघत उभी राहिली. सगळे नियम वाचून काढले. मग सतरंजीवर बसली.

"मला पत्ते."

"आता तर एकच पत्ता राह्यलाय उघडायचा!" सुमित ओरडला.

"मामाला मान, आणि नवरीला न्हाय?"

तात्यानं सुमितला मानेनं खूण केली. राजनंदिनीनं दोन पत्ते बघितले, एक सुपारी टाकली. सुमितनं पाचवा पत्ता उलटला. दुर्री.

युवराजनं दोन्ही राजे धाडकन आपटले. मामाची राण्यांची जोडी मेली. तात्याचं, आबाजीरावांचं आणि चुलत्यांचं काहीच जुळलं नव्हतं. युवराज जीपची किल्ली मागायला तोंड उघडतोय, तोवर राजनंदिनीनं आपले पत्ते मांडले. एक चौकी, एक दुर्री.

"चौकीला चौकी, दुर्रीला दुर्री," सुमितचा आवाज खाली आला. "दोन जोड्या झाल्या. राजे मेले."

"सांग पोरी," तात्या खुशीत म्हणाला. "नवरदेव घोड्यावरच ना?"

युवराज तिच्याकडं झुकला. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हणाला, "मला लई भ्या वाटतं ओ घोड्याचं."

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "आधी सांगायचं न्हाय का? मग मी बसते. तुमी चालत या."

"नवरी घोड्यावर?" आबाजीराव उभेच राहिले.

"पाव्हणं, डाव तिनं जिंकलाय," तात्या म्हणाला. पत्ते द्यायला त्यानंच लावलं होतं, आता मागं कसा फिरणार?

बँड वाजायला लागला. राजनंदिनी शालू सावरून झटक्यात वर बसली आणि इंदापूर बघायला रस्त्यावर आलं. युवराजनं सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात तिनं वरनं लगाम त्याच्या हातात दिला. "नवऱ्यानं धरायचा. न्हायतर लोक म्हणत्याल, नवरी घोडा घिऊन पळाली."

युवराजनं लगाम धरला. घोड्यानं मान वळवली, पिवळे दात काढले आणि फेट्याचा तुरा चवीनं चावायला घेतला. गरम श्वास कानात, लाळ शेरवानीवर. लोक टाळ्या वाजवत होते, बायका म्हणत होत्या, नवरदेव किती धीराचा! मारुतीचं देऊळ अजून दिसतही नव्हतं.

युवराजनं मान वर न करता विचारलं, "राजनंदिनी, वर अजून एकाला जागा हाय का?"