ग्वो आजींच्या छपरावरील मोहिमेचे वर्तमान

नगररक्षक देवाचे पायी मस्तक ठेवून, शिंचू नगरीच्या अखंड वाऱ्यास मुजरा करून, तेथील प्रजासत्ताकाचे एकशे तेरावे वर्षी नवव्या चांद्रमासी बिनतारी मुलखात जो संग्राम जाहला, त्याची हकीगत येथे लिहिली असे. लिहिणार विद्यापीठाचे प्रयोगशाळेतील जुना चाकर. पाहिले ते लिहिले; पदरचे घातले ते थोडके.

डोंगरावरील विद्यापीठाचे आचार्य, लहरीविद्यापारंगत वेंगसर, यांणी युनहाई बिनतारी कंपनीशी सख्य जोडिले. कंपनीने विद्यापीठाचे गच्चीवर मनोरा उभारावा, विद्यार्थ्यांनी त्यावर हात बसवावा आणि वर्षाअखेर सहा जणांस कंपनीत उमेदवारी मिळावी, पुढे चाकरी पक्की, ऐसा करार ठरला. मग मनोरा उभा राहिला, आणि फीत कापिली, आणि अननसाच्या वड्या वाटिल्या, आणि तिसरे दिवशी मनोरा बहिरा जाहला. शहरातून कोठूनसा गोंगाट उठे, तेणेकरून मोबाइलांची हाक मनोऱ्याचे कानी पडेना. तेव्हा कंपनीचे मुख्य अभियंते यानसाहेब यांचे फर्मान आले की, हा गनीम विद्यार्थ्यांनीच सात दिवसांत हुडकावा. न जमल्यास सहाही जागा दुसऱ्या विद्यापीठास दिल्या जातील, कागदावरले अभियंते आम्हांपाशी बहुत आहेत.

त्या वर्गात लाय युनरू नामे मुलगी. परीक्षेत सदैव अव्वल, समीकरणे तिजपुढे हात जोडून उभी राहात. परंतु अनोळखी माणूस समोर येताच जिव्हा टाळूस चिकटे. मागील साली याच कंपनीचे मुलाखतीत नाव पुसले असता ते सांगणेसही तिला अर्धी घटका लागली होती. तिचा जोडीदार फांग पोछंग. तो तिच्या उलट: बोलणे अपार, अभ्यास बेताचा. वेंगसरांनी मोहिमेची सरदारी युनरूस दिली. ती पांढरी पडली, आणि पोछंग म्हणाला, “अगं, तू फक्त मीटर बघ. बडबडायला मी आहे ना!”

मग फौज निघाली. स्कूटरीवर पुढे पोछंग, पाठीशी युनरू, तिचे हाती दिशा दाखविणारा हातभर अँटेना गदेसारखा उगारिलेला. जेथे गोंगाट अधिक, तेथे मीटरची रेघ चढे. परंतु वारा ऐसा की अँटेना एकीकडे रोखावा तो दुसरीकडेच वळे. चार दिवस शहर पालथे घातले. पाचवे दिवशी नाणे टाकून पंज्याने खेळणी उचलण्याच्या यंत्रांचे दुकानास वेढा दिला. दुकानदाराने विनवणीस मान देऊन सारी यंत्रे बंद केली. रेघ तसूभर हालली नाही. यंत्रे पुन्हा सुरू होताच पोछंगने मात्र कापडी डुक्कर जिंकिले, तीच त्या स्वारीची एकूण लूट.

सहावे दिवशी देवळामागील गल्लीत रेघ एकाएकी आभाळास भिडली. समोर ग्वो आजींचे तांदळाच्या शेवयांचे दुकान. छपरावर टीव्हीचा जुनाट अँटेना, आणि त्याखाली गंजलेली एक डबी: सिग्नल वाढविणारे यंत्र. तेच बिघडून साऱ्या मुलखावर ओरडत होते. पोछंग तोंडभर हसून पुढे जाहला.

“आजी, तुमचं ते यंत्र काढावं लागेल. कंपनीचा मनोरा बिघडतोय त्यानं.”

“जेवलास का?”

“हो, पण यंत्र...”

“मग घरी जा. कंपनीला सांग, मनोरा हलव. ती डबी माझ्या नवऱ्यानं बसवलीय. हात लावशील तर बघ!”

आणि आजींनी शेवया फिरवायची काठी उचलिली. पोछंग डुकरासह रस्त्यापार हटला. उरली युनरू. उद्या मुदत सरणार. सहा जणांची उमेदवारी आता तिच्या जिव्हेच्या शेंड्यावर होती. तिने डोळे मिटून विचारिले,

“आजी... तुमचं टीव्हीवरचं चित्र मधूनच फुटतं का?”

काठी खाली आली. “रोज! बाहुल्यांच्या खेळात तलवार उपसली रे उपसली, की नुसते चौकोन! कोण मेलं तेच कळत नाही. तुला कसं कळलं गं?”

“डबी दमलीय, आजी. आजोबांनी चांगली बसवली होती. पण आता तीच चित्र खातेय. मी नवीन अँटेना करते. तो आवडला नाही, तर डबी मी स्वतः परत लावीन.”

आजींनी काठी भिंतीस टेकविली. मग म्हणाल्या, “बोलतेस तर बरं. मघापासून त्या माकडाला का पुढे केलंस?”

तत्क्षणी तह जाहला. युनरू छपरावर चढली. शेवया वाळविण्याची बांबूची एक चौकट आजींनी दिली, तीवर युनरूने तांब्याची तार बोटांनी मोजून वाकविली, वाऱ्याने केस तोंडात, ओठांत पक्कड. इतकी वर्षे जी समीकरणे वहीत लिहिली, ती आज बोटांस लागत होती. मग तिने हाक दिली, “आजी, काढा!” आणि आजींनी स्वहस्ते जुन्या यंत्राची पिन ओढिली. रेघ कोसळली. गच्चीवरून वेंगसरांचा फोन आला, त्यात नुसतेच ओरडणे. घरातून आजींचे ओरडणे त्याहून थोर: “दिसतंय! ढाल दिसतेय! मिशीसुद्धा दिसतेय!”

आजींनी डबी पुसून आजोबांचे तसबिरीपाशी ठेविली आणि मग साऱ्या फौजेस गरम सारातल्या शेवया सक्तीने खाऊ घातल्या.

सातवे दिवशी यानसाहेब खासे पाहणीस आले. मनोरा कान टवकारून ऐकत होता. साहेबांनी सहाही जागा मंजूर केल्या, मग ग्वो आजींचे गल्लीत येऊन युनरूस पुसिले की, आजी राजी कशा जाहल्या? उत्तर येण्याआधीच गल्लीतील नऊ आजी-आजोबांनी साहेबांस घेरिले: आम्हांसही मिशी दिसली पाहिजे. अभियंते सारे कंपनीत, छपरे नऊ, मनुष्यबळ दोन. तेव्हा साहेबांनी कोट काढून पोछंगचे डुकरावर ठेविला.

येणेप्रमाणे फते जाहली. नोंद ऐसी की, गोंगाट नाहीसा, करार कायम, छपरे नऊ काबीज, छपरावर सरदार लाय युनरू, वरून मोठ्याने हुकूम सोडीत, खाली शिडी यानसाहेबांनी धरिली, आणि ग्वो आजी त्यांस बजावीत होत्या, “दोन्ही हातांनी धर रे! पोरगी आमची आहे.”