सेलो येईपर्यंत फोन उचलायचा नाही

छकुलीच्या बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच तिला मदत करायचं ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. तोवर ते नुसते तिच्या आड येत होते, ते कितीतरी बरं होतं.

(छकुली हे तिचं घरातलं नाव. दोन पदव्या, जाड भिंगांचा चष्मा आणि प्रत्येक विषयावर ठाम मत असलेल्या बाईला छकुली म्हणू नये, असं ती कधीपासून सांगतेय. घरात ऐकतं कोण?)

छकुली संगीत रचायची. सिनेमाचं नाही, जाहिरातींचं नाही, नवं शास्त्रीय संगीत. जुन्या शास्त्रीय संगीताला निदान डुलक्या काढायला तरी लोक येतात, नव्याला तेवढेही येत नाहीत. व्हायोलिन, क्लॅरिनेट, पियानो आणि सेलो (म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, गुडघ्यांत धरून वाजवतात तो) अशा चार वाद्यांसाठी तिने वर्षभर खपून एक रचना केली होती. मित्रमैत्रिणी गोळा करून घरातच रेकॉर्डिंग केलं. घरघर नको म्हणून फ्रिज बंद केला आणि नंतर तो सुरू करायचा राहिला. तेव्हापासून घरात त्या संगीताचं नाव निघालं की नासलेल्या दुधाचं निघायचंच.

मग प्रसिद्धीच्या मागे लागली. पोस्टर चिकटवली, त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी ‘खोली भाड्याने देणे आहे’ चिकटलं. रेडिओवाल्यांना मेल पाठवली, त्यांचं उत्तर आलं की तुमची मेल मिळाली, कृपया पुन्हा पाठवू नये. रचना इंटरनेटवर चढवली. आईने कानात इअरफोन घालून, भाजी निवडत, मन लावून ऐकली आणि शेवटी म्हणाली,

“छान आहे गं. पण सुरू कधी होतं?”

आता एकच आशा उरली होती. शहरातल्या संगीतसभेच्या वार्षिक मैफलीत नव्या रचनाकारासाठी एक जागा राखून ठेवलेली असे. छकुलीने रेकॉर्डिंग तिथे पाठवलं. ही जागा मिळाली नाही, तर बँकेच्या परीक्षेला मुकाट्याने बसेन, असं भांडणाच्या भरात ती आईला बोलून बसली होती. आईने त्याच संध्याकाळी गाइड आणून ठेवलं.

बाबा पाणीपुरवठा खात्यात तक्रार विभागाचे प्रमुख. एके दिवशी जेवताना ते उगाचच हसायला लागले.

“छकुले, आज तुझं संगीत किती लोकांनी ऐकलं असेल?”

“कोणी नाही. मीठ द्या.”

“अर्ध्या शहराने!”

छकुलीचा घास हातातच राहिला.

“अगं, आमच्या तक्रारीच्या लाइनवर थांबलेल्या माणसाला ती पिपाणी ऐकू यायची ना? ती काढून टाकली मी. तुझं लावलं. आठवडा झाला!”

“बाबा! तुम्ही माझी रचना नळाच्या तक्रारीला लावलीत?”

“का? नळाची तक्रार करणाऱ्याला कान नसतात?”

छकुली ताडकन उठली. (पण खरं सांगायचं तर पोटात कुठेतरी गुदगुल्याही झाल्या. अर्धं शहर म्हणजे काही थोडंथोडकं नव्हे.) ती पुन्हा बसली आणि शक्य तितक्या तुसडेपणाने तिने विचारलं, “पुरतं ऐकतात का पण? मध्येच कोणी फोन उचलत असेल.”

“आमच्याकडे?” बाबा दुखावले. “आमच्याकडे फोन इतक्या लवकर उचलतो कोण? आणि मी स्टाफला बजावूनच ठेवलंय, सेलो येईपर्यंत फोन उचलायचा नाही. उचलला की आधी विचारायचं, संगीत कसं वाटलं? कोणी वाईट म्हणालं तर तक्रार घेऊन मोकळं करायचं. पण कोणी चांगलं म्हणालं, तर रसिक माणूस आहे, त्याला पुन्हा पहिल्यापासून ऐकवायचं.”

छकुलीने कपाळावर हात मारला. जुनी पिढी मदतीला धावली, की नव्या पिढीने पळत सुटावं, असं तिचं पूर्वीपासूनचं मत होतं.

पण दोनच दिवसांनी संगीतसभेच्या अध्यक्षांनी भेटायला बोलावलं आणि ती सगळं विसरली. आईने गाइड फडताळात ठेवून दिलं, एवढी आशा घरात पसरली.

अध्यक्ष वयस्कर, रुबाबदार आणि थोडे मळकट दिसत होते. “बसा. आलेल्या रेकॉर्डिंगांपैकी तुमचं शेवटचं. बाकीची सगळी ऐकून झाली आणि त्यांत काही राम नाही.”

छकुलीने मनातल्या मनात मैफलीचे कपडेसुद्धा ठरवले. अध्यक्षांनी रेकॉर्डिंग लावलं. क्लॅरिनेटचा पहिला सूर आला मात्र, अध्यक्षांचा चेहरा आक्रसला. दुसऱ्या सुराला त्यांचा हात आपोआप टेबलावरच्या फोनकडे गेला. तिसऱ्याला ते ओरडले,

“हॅलो! अहो, थेंबभर पाणी नाही घरात!”

मग भानावर आले आणि त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं.

“बाई, चोरी करायची तर जरा बऱ्या ठिकाणी करावी. पाणीखात्याची धून चोरलीत?”

“चोरली? ती माझीच आहे!”

“तुमची?” अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. “म्हणजे चार दिवस बादली घेऊन मी ऐकत होतो, ते तुमचं? पहिल्या दिवशी त्या माणसाने विचारलं, संगीत कसं वाटलं? मी सभ्य माणूस, बरं वाटलं म्हणालो. तर त्याने पुन्हा लावलं!”

“म्हणजे तुम्हाला बरं वाटलं होतं?” छकुलीने चाचरत विचारलं.

“पहिल्यांदा. सेलो यायच्या आधी.”

मग अध्यक्षांनी नियम सांगितला. मैफलीत फक्त अप्रसिद्ध रचना घेतात, पूर्वी कोणी न ऐकलेली. “आणि हिला तर, माफ करा, तुम्ही घराघरांत पोचवलंय.”

वर्षभर कोणी ऐकत नव्हतं म्हणून छकुली रडत होती. आता सगळ्यांनी ऐकलं म्हणून रडत घरी आली.

“काढा ते! आत्ताच्या आत्ता काढा!”

“कसं काढू?” बाबांचा आवाज खाली आला. “ते लावल्यापासून लोक कंटाळून फोन ठेवून देतात. तक्रारी निम्म्यावर आल्या. साहेबांनी माझा सत्कार केला आणि लेखी आदेश काढला, की हेच संगीत कायम ठेवावं.”

“कायम?” आई आतून बाहेर आली. “चला, निदान तुझं काहीतरी सरकारी नोकरीत कायम झालं.” आणि तिने फडताळातून गाइड काढून छकुलीसमोर ठेवलं.

त्यानंतरचे दिवस छकुलीने टक्केवारीची गणितं सोडवण्यात घालवले. पियानोचं झाकण बंद होतं, त्यावर आईने वाळलेले टॉवेल घड्या करून ठेवायला सुरुवात केली होती आणि छकुली त्यालाही काही म्हणाली नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती न्हायला बसली. डोकं शाम्पूने माखलं आणि नळाने मान टाकली. आई बाहेरून ओरडली, “गेलं गं पाणी! बाबा ऑफिसात आहेत, त्यांचा मोबाइल लागत नाहीये. तू तक्रारीच्या लाइनवर फोन कर!”

टॉवेल गुंडाळून, एक डोळा मिटून छकुलीने फोन लावला. क्लॅरिनेट आलं. व्हायोलिन आलं. फेस डोळ्यात उतरत होता आणि पियानोचा तो संथ भाग संपता संपत नव्हता. हा भाग आपल्याला रचताना इतका का आवडला होता, ते तिला काही केल्या आठवेना. शेवटी एकदाचा सेलो आला. खट्ट आवाज झाला.

“नमस्कार, पाणीपुरवठा. मॅडम, संगीत कसं वाटलं?”

छकुलीने घड्याळाकडे पाहिलं. दारात रिकामी बादली घेऊन उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. टॉवेलांखालच्या पियानोकडे तिने पाहिलं नाही.

“भिकार,” ती म्हणाली. “अगदी भिकार.”

“थँक यू मॅडम. गल्ली सांगा, लगेच माणूस पाठवतो.”

पाणी आलं. परीक्षाही झाली. संध्याकाळी बाबा घरी आले ते फणफणतच. चपला भिरकावून ते खुर्चीत बसले.

“काय झालं हो?” आईने विचारलं.

“काही नाही. रोज वाईटसाईट बोलतात लोक, मी मनावर घेत नाही. पण आज सकाळी कोण एक बाई चक्क भिकार म्हणाली!” मग छकुलीच्या पाठीवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, “तू नको गं मनाला लावून घेऊस. त्या बाईला संगीतातलं ओ की ठो कळत नसणार.”