सेतुकाकांच्या डोक्यावरचा भांग

सेतुकाका नवी छत्री घेत तेव्हा ती उघडून आधी न्हाणीत जात, वरचा नळ सोडत आणि अंगावरच्या वेष्टी-सदऱ्यासकट खाली उभे राहत. कोरडे बाहेर आले तर छत्री घरात राही. ओले आले तर तशीच दुकानात परत जाई. कोणतीही वस्तू घरात आली की त्यांचा एकच प्रश्न असे, "परीक्षा जाली काय?"

मी सांगलीची. लग्न होऊन तंजावूरच्या जुन्या मराठी घरात आले तेव्हा हे चुलत सासरे मला चक्रमच वाटले. मग कळलं की कावेरीच्या कालव्यांचे दरवाजे गळतात का हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. काका निवृत्त झाले, सवय काही निवृत्त झाली नाही. त्यात बाजार नुकता खुला झालेला, दुकानांत रोज काहीतरी नवं. काकांना उसंत म्हणून नव्हती. मिक्सर घेताना त्यांनी दुकानातच त्यात उडीद वाटले आणि दुसऱ्या दिवशी त्याची इडली खाल्ल्यावरच तो पसंत केला.

मात्र त्यांना कोणी हसलेलं खपत नसे. कोपऱ्यावरचा कॉफीवाला एकदा त्यांच्या टकलाकडे बघून हसला, तेव्हापासून काका दोन गल्ल्या पलीकडे जाऊन कॉफी पीत.

माझी नणंद वसंती हिला टायफॉइड झाला आणि टाळूवरचे केस झडले ते परत येईनात. मागे पातळ का होईना वेणी होती. वर मात्र तळहाताएवढी जागा उघडी. ती घराबाहेर पडेना. देवळात नाही, कोणाच्या लग्नात नाही. अशात मुलींच्या शाळेतून नोकरीचं बोलावणं आलं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. वसंती म्हणाली, दुसरीलाच जाऊ दे.

काका मला घेऊन वेलुकडे गेले. नाचणाऱ्या मुलींना आणि नाटकवाल्यांना केस पुरवणारा हा वेलु आता मद्रासमार्फत परदेशीही माल पाठवायचा. तो म्हणाला, केसांच्या पट्ट्या वेणीत शिवणं सोपं, खरी मेख वरच्या क्लोजरची. क्लोजर म्हणजे जाळीवर केस विणून, भांग पाडून केलेला तुकडा. तो डिंकाने टाळूवर बसवायचा. तो चुकला की सगळं सोंग उघडं पडतं. त्याने तीन तुकडे पसंतीसाठी दिले.

वसंती त्यांना हात लावेना. माझं डोकं केसांनी भरलेलं, त्यावर डिंक लावून काय कळणार? काकांनी आपल्या टकलावरून हात फिरवला.

"जागा माझेकडे आहे," ते म्हणाले.

पहिला तुकडा मधल्या भांगाचा. पंख्याखाली उभं राहताच त्याची पुढची कड उचलली गेली आणि डब्याच्या झाकणासारखी उघडझाप करू लागली. दुसरा परदेशी बारीक जाळीचा. तो लावून काका गच्चीवर उन्हात बसले. घाम आला तसा भांग सरकत सरकत डाव्या भुवईवर आला. त्याच्याखालून माझ्याकडे बघत त्यांनी निकाल दिला, नापास. मला हसू फुटत होतं, पण दाराआड वसंती उभी होती. शनिवार संपत आला होता आणि एकच तुकडा उरला होता.

तो तिरक्या भांगाचा. त्याने पंखा सोसला, बादलीभर पाणी सोसलं, मोगऱ्याच्या गजऱ्याचं वजनही सोसलं. राहिला वारा. वसंतीला रोज टाउन बसने जायचं होतं. रविवारी दुपारी काका तो तुकडा लावून तिरुवैयारुच्या बसमध्ये खिडकीशी बसले, शेजारी मी. निदान टॉवेल तरी गुंडाळा म्हटलं, तर म्हणे परीक्षा टॉवेलाची नाही.

कंडक्टर मागून "अम्मा, टिकट" म्हणाला. काकांनी मान वळवली. वर बाईचा भांग, खाली पांढऱ्या मिशा. अर्धी बस हसली. काकांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता उतरतील. ते समोरचा दांडा घट्ट धरून बसून राहिले. कावेरीच्या पुलावर वारा सुटला तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा भांग जागच्या जागी होता.

संध्याकाळी वेलु येऊन पट्ट्या शिवून गेला, मी तो पास झालेला क्लोजर बसवला. छान दिसत होता. वसंती आरशात बराच वेळ बघत राहिली.

"खरं सांग, वैनी. ठाऊक आहे त्यांस दिसेल काय?"

खोटं बोलायला मला जरा उशीरच झाला. मग म्हटलं, ज्यांना ठाऊक आहे त्यांना कदाचित दिसेल.

"आमचे वीथींत अस्क्यांस ठाऊक आहे," ती म्हणाली. अस्के म्हणजे इकडच्या मराठीत सगळे, वीथी म्हणजे गल्ली. "बस येईतों अस्के माझे डोकेंच पाहतील. मी जात नाही."

ती आत निघून गेली. काका बाहेर ओट्यावर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं.

सोमवारी वसंती साडी नेसून तयार झाली खरी, पण उंबऱ्याशी येऊन थांबली. बसची वेळ होत आली. मी समजावलं, रागावलेही. तेवढ्यात काका आतून आले. इस्त्रीची वेष्टी, खांद्यावर अंगवस्त्र, आणि डोक्यावर तो मधल्या भांगाचा तुकडा, पुढची कड वर उचललेली.

काका, हा तर नापास झालेला, मी म्हटलं.

"म्हणूनच," ते म्हणाले. मग वसंतीकडे वळले. "मी पुढें जातों. तूं मागें ये. मज टाकून तुज कोण पाहील?"

वसंती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर सावरला आणि उंबरा ओलांडला.

काका मुद्दाम सावकाश चालले. कॉफीवाला दुकानाबाहेर येऊन पोट धरून हसला. कोणी खिडकीतून हाका मारून घरच्यांना बोलावलं. काकांचे कान पुन्हा लाल झाले, पण त्यांनी चाल काही वाढवली नाही. अख्खी वीथी त्यांच्याकडे बघत होती. बस आली, वसंती चढली, खिडकीशी बसली. तिच्याकडे कोणाचंही लक्ष गेलं नाही.

घरी येऊन काका ओट्यावर टेकले.

"कोणी तिला पाहिलें काय?"

कोणीच नाही, मी सांगितलं.

डिंक सोडवायला मी तेलाची वाटी आणली. तीन दिवस डिंक लावून-काढून जाळीखालची कातडी सोलली होती, जागोजागी लाल झाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कड हळूच उचलायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"राहूं दे," म्हणाले. "उद्यांही शाळा आहे."