म्हाळसाबाईने बेल उचलिला त्याची हकीकत

श्रीशंभूचे पिंडीस नमन, कुलदेवतांस नमन, वाचणारास व ऐकणारास आयुष्य चिंतून हकीकत लिहिली ऐसीजे. घाटाखालचा मुलूख थोरल्या राज्यापासून तुटोन वेगळा जाहला, जुना शक मोडून नवा चालविला, त्या नव्या शकाचे तिसरे साल, दुर्मुखनाम संवत्सर, श्रावणमास. राज्य आपले झाले म्हणोन लोकांनी आधी गुढ्या उभारिल्या, आणि मग पाहतात तो राजा कोठे नाही, दिवाण नाही, अवघा कारभार हैबतराव कोतवालाचे हाती. कोतवालसाहेबांनी घाट बंद केला, आणि पेठेपेठेस चौकी बसविली, आणि चौकीवर शिपाई, शिपायांवर हेर, हेरांवर दुसरे हेर नेमिले, ऐसे की पाणवठ्यावर दोघी बोलू लागल्या म्हणजे मागे कोणी तरी खोकत असे.

ते समयी निंबाजी कासार म्हणोन होता, तो बांगड्यांची पेटी पाठीस मारून घाटापलीकडे जाई. घाट बंद जाहला तेव्हा भर चावडीत बोलून गेला, "लेकी पलीकडे दिल्या, त्यांनी काय भुंड्या हातांनी राहायचे? राज्य तुटले असेल, नाती कुठे तुटली?" हे कोतवालाचे कानी गेले, आणि निंबाजीस फितूर ठरवून बंदीत घातला. फाशी द्यावी तर साक्ष पाहिजे, आणि त्या मुलखी बेलभंडारावाचून साक्ष कोणी मानीत नसे. चाल ऐसी की, शिवाचे पायरीवर, ज्याचेवर आळ त्यानेच साक्षीदाराचे हाती बेल व भंडारा ठेवावा, मग बेल हाती आहे तोवर बोलणे कोणी तोडू नये. कोतवालाने पुष्कळ चाली मोडिल्या, ही मात्र राखिली, आणि वर हुकूम फर्माविला की, बेल घेऊन जे बोलणे होईल ते डफवाल्या भानाने शब्दास शब्द सर्व पेठांत पुकारावे. अक्षर गाळील त्याची जीभ कापू, मध्ये अडवील त्याचा हात कापू.

साक्षीस माणूस निवडिले ते गुरवाची म्हाळसाबाई. बाई विधवा, रोज ओलेत्याने शिवास बेल वाही, त्यावाचून पाणी घेत नसे. तिचे तोंडून खोटे निघेल ऐसे कोणाचे स्वप्नीही नव्हते, म्हणोनच तीच पाहिजे होती. तिचा एकुलता लेक केरोबा घाटाची वाट चढताना धरिला, तो चौकीत कोंडला होता. कोतवालसाहेब जातीने तिचे दारी आले, पायताण बाहेर काढिले, आणि गोड बोलिले, "मावशी, एवढेच म्हणायचे, निंबाजी पलीकडचे निरोप आणीत होता, मी डोळ्यांनी पाहिले. लेक तिन्हीसांजेला घरी जेवायला."

"आणि नाही म्हटले तर?"

"तर कशाला म्हणता नाही?" ऐसे बोलोन हसले, पायताण घातले आणि गेले. बाई देवापाशी बसली.

सोमवारी सारे गाव पायरीशी मिळविले, आणि निंबाजीस आणिले, बेड्यांनी त्याची मनगटे सोलली होती. बेल ओंजळीत ठेवताना तो हळूच बोलिला, "वहिनी, केरू त्यांच्या हातात आहे, ठाऊक आहे मला. सांगतात तसे बोला. बेल मी देतोय, पाप मजकडे." बाईचे मनात आले, हा तर आपण होऊन म्हणतो आहे. एक वाक्य, आणि केरू दारात उभा. आणि मग भंडाऱ्याने पिवळे झालेले आपलेच तळवे तिने पाहिले, आणि म्हणाली, "भावजी, पाप असे देता-घेता येत नाही हो." मग गावाकडे वळोन, नित्य स्तोत्र म्हणे त्याच स्वरात बोलली, "मी काही पाहिले नाही. कोतवालसाहेब माझ्या दारी आले, खोटे बोल म्हणाले, लेक सोडतो म्हणाले. माझा केरू त्यांच्यापाशी आहे. एवढेच मला ठाऊक."

कोतवालाचे तोंड उतरले, तोडावे तर बेल हाती. आणि भाना, जन्माचा भित्रा माणूस, जिभेचे भय धरून डफ उचलून निघाला, आणि पेठेपेठेत, "कोतवालसाहेब माझ्या दारी आले होऽ, खोटे बोल म्हणाले होऽ," ऐसे पुकारीत गेला. एक म्हातारी म्हणाली, "अरे मेल्या, शुद्धीवर आहेस का?" तो म्हणाला, "हुकूम आहे, आजी!" शिपाई आपले हात सांभाळून वाट देत गेले, आणि सांज होईतो ज्यास त्यास कळले. मग निंबाजीस फाशी देता येईना, तो बंदीतच ठेविला. आणि पुढे खोट्यासाठी बेल उचलावयास माणूस मिळेना, म्हणोन कोतवालाने चिडून बेलाची झाडे तोडविली.

केरोबास सोडिले नाही. बाई रोज भाकरी बांधून चौकीवर नेई, शिपाई आत पोचवी, आणि फडके रिकामे आणून देई. मार्गशीर्षात एके दुपारी त्याने भाकरी तशीच परत आणिली, आणि वर न पाहता म्हणाला, "आई, आता आणू नका. केरोबा गेला. ताप डोक्यात चढला, असे लिहायला सांगितलेय."

बाई चौकीचे पायरीवर बसली. मग फडक्याची गाठ सुटत होती ती घट्ट केली, आणि गाठोडे त्याचे हाती दिले. "निंबाजी आत आहे ना? त्याला द्या. कोणी पाठविली ते सांगू नका, घास उतरायचा नाही त्याला."

येणेप्रमाणे घाटाखाली साक्ष जाहली. निंबाजी वाचला, केरोबा देवाघरी गेला. कोतवालसाहेब पुढे किती दिवस नांदले ते येथे लिहिण्याचे कारण नाही. निंबाजी सुटे तोवर भाकरी रोज चौकीवर गेली, इतके खरे.