पाच नंबरचा खेकडा

विज्ञानात शिस्तीशिवाय काही खरं नाही, असं चिमीचं ठाम मत होतं, आणि ती शिस्त आपल्यात उपजतच आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. परदेशातल्या त्या बेटावर माणसं मोजकी आणि प्राणी अमाप. शिकायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने चाळीस खेकडे धरून त्यांच्या पाठीवरच्या शंखांवर लाल नेलपॉलिशने नंबर घातले.

दोन आठवड्यांत वहीत चमत्कार दिसू लागले. पाच नंबर तीन दिवसांत दुप्पट झाला. बारा नंबर आटून सुपारीएवढा उरला. एकोणीसची तुटलेली नांगी रविवारी परत आली आणि सोमवारी पुन्हा गेली.

"सर, वाढीचा असा वेग आजवर कुणी नोंदवलेला नाही."

सरांच्या खुर्चीत हातभर लांब सरडा पहुडला होता, त्यामुळे ते उभ्यानेच ऐकत होते.

"कुणी म्हणजे कुणीच?"

"कुणीच."

"मग शुक्रवारी समितीपुढे मांड. कुणी राहायचं आणि कुणी शनिवारच्या बोटीने घरी जायचं, ते तिथेच ठरणार आहे."

गुरुवारी दुपारी आईचा फोन आला. आई बत्तीस वर्षं पोस्टात पत्रांच्या सॉर्टिंगला होती, आणि निवृत्त झाल्यावरही माणसाकडे पत्ता वाचावा तशीच बघायची.

"तुझा तो पाच नंबर कसाय गं?"

"दुप्पट झालाय."

"खायला काय घालतेस मेल्याला?"

"आई, संशोधन आहे हे."

"बरं बाई. नंबर त्याच्या अंगावर घातलास ना?"

"शंखावर. अंग आत असतं."

"आणि शंख जन्मापासून त्याचाच?"

"छे, सापडलेला असतो. अंग वाढलं की तो मोठा शंख बघून..."

चिमीची नजर वहीतल्या पाच नंबरवर गेली.

"बिऱ्हाड बदलतो," आईने वाक्य पुरं केलं. "अगं, नंबर घराचा असतो. आतली माणसं येतात-जातात. 'पत्ता सोडून गेले' असे शेरे मारण्यात माझा जन्म गेला."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"शिकायला तू गेलीस की मी?"

चिमी तडक किनाऱ्यावर गेली. तिथे सहा खेकडे उंचीप्रमाणे रांगेत उभे होते. पहिल्याने एक मोठा रिकामा शंख गाठून आपला सोडला, त्यात दुसरा शिरला, दुसऱ्याच्या शंखात तिसरा. मिनिटभरात सगळी बिऱ्हाडं हलली. शिस्त वाखाणण्याजोगी होती.

शुक्रवारी तिने सगळं कबूल केलं. समितीतल्या बाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे तू दोन आठवडे नुसत्या घरांचा अभ्यास केलास?"

"रिकामी नव्हती बाई," चिमी पडेल आवाजात म्हणाली. "आत भाडेकरू होते."

समिती हसली, आणि हसून झाल्यावर एखाद्याला बोटीत बसवणं जरा जड जातं. एक महिन्याची मुदत मिळाली. अट एकच, या वेळी नंबर खेकड्यालाच घालायचा.

चिमीने चाळीस खेकडे पुन्हा धरले. दहातली सात बोटं चिमटून घेतली, पण प्रत्येकाच्या नांगीवर नेलपॉलिशचे तीन हात दिले. नंबर असे पक्के बसले की घासूनही निघेनात.

तिसऱ्या आठवड्यात सगळे खेकडे वाळूत शिरले. कात टाकायची असली की ते असेच वाळूत शिरतात. बाहेर येतात तेव्हा नांगीसकट सगळ्या अंगावर कोरं कवच असतं. जुनं त्यांनी आतल्या आत खाल्लेलं असतं.